लाड, गय आणि काणाडोळा

गेल्या महिन्यात या सदरात 'स्ट्रिक्ट', 'स्टर्न', 'सिव्हिअर' या कडक मंडळींची हजेरी घेतली होती. शेवटी सहज लिहिलं, की मऊ शब्दांबद्दल काही अडलं असेल तर विचारा. मऊ लागलं की कोपराने खणतात, तशी पत्रं आली. निम्मी एकट्या 'इंडल्ज'वर आहेत. तेव्हा सुरुवात त्याच्यापासून, आणि त्याच्यापाशी थोडी रेंगाळणार आहे, कारण या शब्दाशी माझा जुना हिशोब आहे.

प्रश्न : आमच्या साहेबांनी मीटिंगनंतर सगळ्यांना ईमेल पाठवली. शेवटची ओळ होती, 'थँक यू फॉर इंडल्जिंग मी.' शब्दकोशात 'इंडल्ज'चा अर्थ 'लाड करणे' असा दिला आहे. आम्ही साहेबांचे लाड केले? शेजारचा सहकारी म्हणतो, टोमणा आहे. खरं काय?
– एक कर्मचारी

उत्तर : टोमणा नाही, निर्धास्त राहा. साहेब ठरल्यापेक्षा जास्त वेळ बोलले असतील, किंवा विषय सोडून एखादा जुना किस्सा त्यांनी घोळवून सांगितला असेल, आणि तुम्ही सगळ्यांनी घड्याळाकडे न बघता ऐकून घेतलं असेल. 'माझी हौस पुरवलीत, आभार', एवढंच त्यांना म्हणायचंय. थोडा कमीपणा स्वतःकडे घेऊन बोलायची ती रीत आहे. शब्दकोश खोटं बोलला नाही, अर्धं बोलला.

मलाही तो असाच अर्धं बोलला होता. अनुवादाच्या कामाला लागून वर्षही झालं नव्हतं. कोर्टाच्या एका प्रसंगात वकील उभा राहून म्हणतो, 'इफ द कोर्ट विल इंडल्ज मी फॉर अ मोमेंट.' मी बिनधास्त लिहिलं, 'न्यायालयाने क्षणभर माझे लाड करावेत.' हस्तलिखित परत आलं तेव्हा संपादकांनी त्या ओळीखाली लाल रेघ मारून समासात एकच शब्द लिहिला होता : 'मांडीवर?' पस्तीस वर्षं झाली, तो समास मला अजून दिसतो. तिथे हवं होतं, 'न्यायालयाने मला क्षणभर मुभा द्यावी.'

तेव्हापासून 'इंडल्ज' दिसला की मी आधी माणसं मोजते. ती तीन असतात. एकाला हौस असते, दुसरा ती पुरवतो आणि तिसरा बाजूला उभा राहून मनात म्हणतो, 'एवढं कशाला!' तिसरा दिसत नाही, पण असतो. 'शी इंडल्जेस हर सन' हे वाक्य आईच्या तोंडी सहसा येणार नाही. ते तिची जाऊ बोलेल. साहेबांच्या ईमेलमध्ये तो तिसरा माणूस साहेब स्वतःच झाले आहेत, म्हणून ती ओळ नम्र वाटते. 'इंडल्जंट स्माइल' म्हणजे नातवाने भिंतीवर रेघोट्या ओढल्यावर आजोबांच्या मिशीत उमटतं ते हसू : करू नये ते केलंस, पण तू केलंस ना, मग असू दे. आणि चित्रपटाला समीक्षक 'सेल्फ-इंडल्जंट' म्हणतो तेव्हा दिग्दर्शक स्वतःच्या दृश्यांच्या इतका प्रेमात पडलाय की कात्री चालवायला त्याचा हात धजला नाही, असं त्याला सुचवायचं असतं.

'इंडल्ज इन' म्हटलं की पुढे चैन किंवा खोड यायला हवी. गप्पा, दिवास्वप्नं, तिसरा लाडू. विद्यार्थ्यांच्या निबंधात 'ही इंडल्जेस इन स्टडीज' असं येतं, ते वाचून इंग्रज हसेल. अभ्यास ही त्याची चोरटी चैन आहे, असा अर्थ होतो तो.

आता लाडाखेरीजचं उरलेलं अर्धं. लॅटिन 'इंडल्जेन्शिया' हा रोमन कायद्यात कर किंवा शिक्षा यांत दिलेल्या सवलतीसाठी येतो. पुढे चर्चने तो उचलला. चर्चचं इंडल्जन्स म्हणजे पापाची क्षमा, असं सरसकट लिहिलं जातं, ते बरोबर नाही. क्षमा कबुलीजबाबानंतर मिळायची. त्या पापापायी जी मुदतीची शिक्षा भोगायची उरते, तिच्यात सूट म्हणजे इंडल्जन्स. सूट म्हटलं की मागोमाग पैसा येतो, तसा तो आला. माइन्झ शहरात, जिथे गुटेनबर्गने छपाई सुरू केली तिथेच, १४५४-५५ साली छापलेली इंडल्जन्सची पत्रकं शिल्लक आहेत. मजकूर छापील, आणि घेणाऱ्याच्या नावाची व तारखेची जागा कोरी. युरोपात खिळ्यांच्या छपाईतून निघालेल्या पहिल्यावहिल्या कागदांत हा 'येथे नाव लिहा' छापाचा फॉर्म आहे, हे आठवलं की मला प्रत्येक सरकारी अर्ज भरताना जरा बरं वाटतं. पुढे रोमच्या सेंट पीटर्स चर्चच्या बांधकामासाठी या सवलतींची इतकी जोरात विक्री झाली की ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी मार्टिन ल्यूथर या जर्मन धर्मगुरूने विटेनबर्गमध्ये या विक्रीविरुद्ध आपली ९५ प्रमेयं पुढे केली. तिथून चर्चमध्ये जी फूट पडली ती पडलीच.

इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने १६७२ साली 'डिक्लरेशन ऑफ इंडल्जन्स' काढलं. अधिकृत चर्चबाहेरच्या लोकांवरचे दंडाचे कायदे त्याने स्थगित केले. दुसऱ्याच वर्षी पार्लमेंटने ते मागे घ्यायला लावलं. दुसऱ्या जेम्सने १६८७ मध्ये पुन्हा तसंच डिक्लरेशन काढलं आणि पुढच्या वर्षी ते चर्चमधून वाचून दाखवण्याचा हुकूम सोडला. सात बिशपांनी नकार दिला, त्यांच्यावर खटला भरला गेला आणि ते निर्दोष सुटले. इथे 'लाड' घालून बघा बरं. सवलतीचा जाहीरनामा, मुभेचा जाहीरनामा, एवढंच चालेल. पण नात्याची ठेवण तीच आहे : देणारा वर, घेणारा खाली, आणि तिसरा चरफडत बाजूला.

प्रश्न : मुलाच्या प्रगतिपुस्तकात बाईंनी 'ही इज अ जेंटल चाइल्ड' असं लिहिलं. मला आनंद झाला. उत्तरादाखल मी लिहून पाठवलं, 'प्लीज बी लीनियंट विथ हिम.' दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन, 'काही केलंय का त्याने?' माझं काय चुकलं?
– एक आई

उत्तर : बाईंचं बरोबर आहे हो. 'लीनियंट' म्हटलं की आधी गुन्हा आला, नियम आला आणि शिक्षा द्यायचा अधिकार असलेला माणूस आला. तुम्हाला म्हणायचं होतं, 'बी जेंटल विथ हिम', त्याच्याशी जरा हळुवार वागा. तुम्ही म्हणालात, त्याला शिक्षा करताना हात आखडता घ्या. मांजराच्या पिल्लाशी आपण जेंटल वागतो. लीनियंट केव्हा वागणार? त्याने दूध सांडलं तर.

जेंटल हा हाताचा, आवाजाचा, चालीचा गुण. लीनियंट हा निकालाचा. त्यामुळे एकच माणूस एक असून दुसरा नसू शकतो. माझ्या एका शिक्षिका अतिशय मृदू आवाजात, वहीवरून हलकेच हात फिरवत, शून्य मार्क द्यायच्या. जेंटल होत्या, लीनियंट मुळीच नव्हत्या. दुसरे एक सर खेकसायचे, डस्टर आपटायचे आणि सगळ्यांना पास करायचे.

'जेंटल'चं घराणं मात्र बघण्यासारखं आहे. लॅटिन 'जेन्स' म्हणजे कुळ. तिथून फ्रेंच वाटेने 'कुलीन' हा अर्थ इंग्रजीत आला, 'जेंटलमन' त्यातला. कुलीन माणूस सभ्य वागतो अशी एक समजूत, सभ्य माणूस सौम्य वागतो अशी दुसरी, आणि असं घसरत घसरत कुळ सुटलं, सौम्यपणा तेवढा राहिला. 'जेंटील', 'जेंटाइल' आणि, खरं वाटणार नाही, ऐटबाज अर्थाचा 'जाँटी' हेही याच घरचे. उतार सौम्य असला तर जेंटल. वाऱ्याच्या ब्यूफोर्ट श्रेणीत तिसऱ्या क्रमांकाचा वारा 'जेंटल ब्रीझ', ताशी १२ ते १९ किलोमीटर. झाडाची पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलत राहतात, तेवढा. आणि गळाला लावायच्या मऊ अळीलाही इंग्रज मासेमार 'जेंटल' म्हणतात! कुलीन घराण्याची ही अखेर.

'लीनियंट' आधी दवाखान्यात होता. लॅटिन 'लेनीस' म्हणजे मऊ. लीनियंट म्हणजे ठणका शमवणारं, आराम देणारं. 'लेनिटिव्ह' हे सौम्य रेचकाचं नाव होतं. औषधाचा गुण माणसाला चिकटला तो नंतर.

'टेंडर'बद्दलही दोघांनी विचारलंय, त्यांना इथेच सांगते : कोवळ्या मनाचं 'टेंडर' आणि बांधकामाचं 'टेंडर' यांचं काही नातं नाही. पहिलं लॅटिन 'टेनेर' म्हणजे कोवळा यातून आलं, दुसरं 'टेंडेरे' म्हणजे पुढे करणं यातून. कंत्राटदाराच्या कोमलपणाबद्दल गैरसमज नसावा.

प्रश्न : एका मासिकातली पालकांसाठीची प्रश्नावली सोडवली. निकाल आला, 'यू आर ॲन इंडल्जंट पेरेंट.' ही शाबासकी समजायची का? आणि पॅम्पर, स्पॉइल, कॉडल यांतलं मी नेमकं काय करते?
– दोन मुलींचा बाबा

उत्तर : शाबासकी नाही, पण अगदी नापासही नाही. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी १९६० च्या दशकात पालकांच्या वागण्याचे तीन प्रकार मांडले : 'ऑथॉरिटेरियन' म्हणजे हुकूमशाही, 'ऑथॉरिटेटिव्ह' म्हणजे शिस्तही आणि मायाही, आणि 'पर्मिसिव्ह' म्हणजे सगळं चालू देणारे. १९८३ मध्ये एलिनॉर मॅकोबी आणि जॉन मार्टिन यांनी या तिसऱ्या प्रकाराचे दोन भाग केले. दोघेही मुलांना अडवत नाहीत. पण एक जण माया करतो म्हणून अडवत नाही, तो 'इंडल्जंट'. आणि दुसऱ्याचं मुळात लक्षच नसतं म्हणून अडवत नाही, तो 'नेग्लेक्टफुल'. तुमचं लक्ष आहे, एवढं प्रश्नावलीने मान्य केलंय. (पत्राखाली 'बाबा' आणि आत 'मी करते' असं आहे. पत्र कोणी लिहिलं आणि कोणी पाठवलं हे मी विचारणार नाही. पाहा, मी किती इंडल्जंट.)

बाकीचे शब्द स्वयंपाकघर आणि गोठ्यातून आलेत. 'पॅम्पर' म्हणजे मुळात पोट फुटेस्तोवर चांगलंचुंगलं खाऊ घालणं. 'कॉडल' म्हणजे उकळी फुटू न देता मंद गरम पाण्यात शिजवणं. अंडं असं शिजवतात, आणि काही मुलंही. त्याला मेरीचं लाडाचं नाव 'मॉली' जोडलं की 'मॉलीकॉडल', त्यात बायकी म्हणून हिणवण्याचा वास आहे, जपून वापरा. माझा आवडता 'कॉसेट'. आईवाचून राहिलेलं, माणसाने हाताने वाढवलेलं कोकरू म्हणजे कॉसेट. ते कळपात जात नाही, माणसाच्या पायांत घोटाळत राहतं. मराठीत आपण तळहातावरच्या फोडासारखं जपतो, त्याच्या जवळचा.

'डोट ऑन' म्हणजे वेडी माया, आणि हे 'वेडी' अक्षरशः घ्या. 'डोट'चा जुना अर्थ बुद्धी फिरणं, म्हातारचळ लागणं असा होता. 'डोटेज' त्यातलाच.

'स्पॉइल' मात्र या सगळ्यांत क्रूर. लॅटिनमध्ये मेल्या जनावराची सोललेली कातडी, मग शत्रूच्या अंगावरून काढलेली शस्त्रं, लूट. 'स्पॉइल्स ऑफ वॉर' म्हणतात ती. मग नासधूस, मग नासलेलं दूध, मग लाडाने बिघडलेलं पोर. पॅम्पर केलेलं मूल चांगलं निघू शकतं. स्पॉइल केलेल्याचा निकाल क्रियापदातच लागलेला असतो. म्हणून जाहिरातीत 'स्पॉइल युअरसेल्फ' वाचलं की मला गंमत वाटते. स्वतःला नासवा, या आठवड्यात सवलत आहे! 'स्पेअर द रॉड अँड स्पॉइल द चाइल्ड' हे बायबलचं वचन म्हणून खपतं. बायबलात आहे ते वेगळं : जो छडी आवरतो तो आपल्या मुलाचा द्वेष करतो. 'स्पॉइल'चं ते चटकदार वाक्य सतराव्या शतकात सॅम्युएल बटलरने एका उपहासात्मक काव्यात लिहिलं.

प्रश्न : मी वृत्तपत्रात भाषांतर करते. मर्सी, क्लेमन्सी, पार्डन, रिप्रीव्ह, ॲम्नेस्टी या सगळ्यांना मी 'माफी' लिहिते. वेळ कमी असतो. चालेल ना?
– उपसंपादक

उत्तर : नाही चालणार. 'रिप्रीव्ह'ला माफी लिहिलीत, लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि पुढच्या आठवड्यात त्या माणसाला फाशी झाली, तर काय छापाल? रिप्रीव्ह म्हणजे फक्त लांबणीवर टाकणं. शिक्षा जिथल्या तिथे असते. 'कम्यूट' केली की शिक्षेचा प्रकार बदलतो, फाशीची जन्मठेप होते. 'रेमिशन'मध्ये प्रकार तोच, मुदत कमी. 'पार्डन' म्हणजे माफी, हे बरोबर आहे. 'ॲम्नेस्टी' एकट्यादुकट्याला नाही, सरसकट एका गटाला, आणि पुष्कळदा खटला उभा राहण्याआधीच. ग्रीक भाषेत तो विसर. इसवी सनपूर्व ४०३ मध्ये अथेन्सने तीस जुलमी सत्ताधाऱ्यांची राजवट उलथली, तेव्हा मागच्या अपराधांची उणीदुणी काढायची नाहीत अशी नागरिकांनी शपथ घेतली. 'ॲम्नेशिया' हा रोग याच घरचा; एक ठरवून विसरणं, एक न ठरवता. या सगळ्यांवरची छत्री म्हणजे 'क्लेमन्सी'. 'मर्सी' हा रोजचा, प्रार्थनेतला. तो लॅटिन 'मेर्केस' म्हणजे मजुरी, मोबदला यातून आला, फ्रेंचांचं आभाराचं 'मेर्सी'ही तेच.

माफी म्हणजे गोडच असणार, असं आपण धरून चालतो. जॉर्ज बर्डिक नावाचा न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्राचा संपादक होता, म्हणजे तुमच्याच धंद्यातला. बातमी कुठून मिळाली ते त्याने सांगावं म्हणून त्याच्यामागे चौकशी लागली. 'बोललो तर मीच अडकेन' असं म्हणून तो गप्प राहिला. तेव्हा अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी, काही आरोप नसताना, त्याला आधीच पार्डन देऊन टाकलं. आता अडकायची भीती नाही, बोल. बर्डिकने माफी घेतली नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९१५ मध्ये निकाल आला की माफी नाकारायचा माणसाला हक्क आहे, कारण माफी देण्यात तुम्ही दोषी आहात असं सुचवलेलं असतं आणि घेण्यात त्याची कबुली. 'जा, सोडलं तुला' असं कोणी म्हटल्यावर 'अहो, पण मी केलंय काय?' असं आपल्या तोंडून निघतं ना, त्याचा हा न्यायालयीन अवतार.

क्लेमन्सी शिवी म्हणूनही वापरून झालीये. ३१ जुलै १८५७ रोजी, उठाव भडकलेला असताना, गव्हर्नर जनरल लॉर्ड कॅनिंग यांनी ठराव काढला की पुराव्याशिवाय, सरसकट शिपायांना शिक्षा देत सुटू नका. सूड मागणाऱ्या इंग्रजी वृत्तपत्रांनी त्यांचं नाव ठेवलं, 'क्लेमन्सी कॅनिंग'. आणि क्लेमन्सीवर अख्खा ग्रंथ लिहिला रोमन तत्त्वज्ञ सेनेकाने, आपला शिष्य तरुण सम्राट नीरो याच्यासाठी. इसवी सन ६५ मध्ये त्याच नीरोने त्याला मरण पत्करायला लावलं. शिष्याने पुस्तक वाचलं नसावं. आज रोजच्या इंग्रजीत 'क्लेमंट' फारसा राहिला नाही, त्याचा उलट 'इन्क्लेमंट' तेवढा पावसापाण्याच्या बातमीत भेटतो.

जाता जाता एक. इंग्लंडमध्ये 'बेनिफिट ऑफ क्लर्जी' नावाची सवलत होती. धर्मगुरूंवर राजाच्या कोर्टाने खटला चालवू नये म्हणून ती निघाली, आणि ज्याला वाचता येतं तो धर्मगुरू, अशी सोपी कसोटी पडली. आरोपीपुढे बायबलातल्या ५१ व्या स्तोत्राची सुरुवात धरायची. वाचली, तर पहिल्या गुन्ह्याला फाशी टळली. म्हणून त्या ओळीचं नाव 'नेक व्हर्स', मान वाचवणारी ओळ. ओळीचा अर्थही 'देवा, माझ्यावर दया कर' असाच! नाटककार बेन जॉन्सनने १५९८ मध्ये द्वंद्वात एका नटाला ठार केलं आणि तो असाच सुटला. अंगठ्यावर डाग दिला, की पुन्हा हीच सवलत मागायला येऊ नये. ओळ कायम तीच, तेव्हा निरक्षरांनी ती पाठ केली असणार हे सांगायला नकोच. इंग्लंडने ही सवलत १८२७ मध्ये बंद केली.

प्रश्न : अर्जात मी 'काइंडली कन्डोन माय मिस्टेक' लिहिलं. मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, शब्द बदलून आण. कन्डोन म्हणजे क्षमाच ना?
– कॉलेजचा विद्यार्थी

उत्तर : होती, आता राहिली नाही. आज 'कन्डोन' म्हणजे चूक आहे हे कळत असून खपवून घेणं. म्हणजे तू मॅडमना म्हणालास, 'माझ्या लबाडीत तुम्हीही सामील व्हा.' हसल्या हे त्यांचं मोठेपण. 'एक्सक्यूज' लिही, नाहीतर 'ओव्हरलुक'. जुना अर्थ कायद्यात टिकलाय : उशिरा केलेला अर्ज दाखल करून घेतात ते 'कन्डोनेशन ऑफ डिले'. इंग्लंडच्या १८५७ च्या घटस्फोट कायद्यात तर जोडीदाराचा व्यभिचार एकदा कन्डोन केलात, म्हणजे माफ करून संसार पुढे चालू केलात, की त्याच कारणासाठी घटस्फोट मागायची वाट बंद व्हायची.

त्याचा शेजारी 'कनाइव्ह'. लॅटिनमध्ये पापण्या मिटणं, डोळा घालणं. डोळे मिटून घेणारा हळूहळू कटात सामील मानला गेला आणि आता 'कनाइव्ह' म्हणजे सरळ कट करणं. 'टर्न अ ब्लाइंड आय'ला लोक ब्रिटिश आरमाराचा सेनानी नेल्सन याची गोष्ट जोडतात. १७९४ मध्ये कॉर्सिकातल्या काल्वीच्या वेढ्यात त्याच्या उजव्या डोळ्याची नजर गेली होती. २ एप्रिल १८०१ रोजी कोपनहेगनच्या लढाईत वरिष्ठांनी माघारीचा इशारा फडकवला, तेव्हा त्याने दुर्बीण त्या डोळ्याला लावली आणि इशारा दिसत नाही म्हणाला, असं सांगतात. आता मराठी बघ. 'काणा' म्हणजे एका डोळ्याने आंधळा. आपण 'काणाडोळा' करतो! नेल्सनची दुर्बीण न मागवता आपल्याकडे तो डोळा आधीपासून होता.

प्रश्न : 'लीवे' आणि 'स्लॅक' यांत फरक?
– त्रोटक वाचक

उत्तर : स्लॅक दोरीचा, लीवे जहाजाचा. दोरी सैल सोडणं म्हणजे आपली ढील. लीवे म्हणजे वाऱ्याने जहाज बाजूला ढकललं जाणं. नावाड्याला ते नको असतं, पण हिशोबात धरावं लागतं. हिशोबात धरलेली ती चूक पुढे मोकळीक झाली.

प्रश्न : इतके बारकावे इंग्रजीतच. मराठीत आपला एक 'लाड' आणि एक 'माफी'. वाईट वाटतं.
– एक भाषाप्रेमी

उत्तर : भाषाप्रेमी आहात, तर थोडं प्रेम करा ना! कोडकौतुक, लाडावून ठेवणं, डोक्यावर बसवणं, गोंजारणं, चुचकारणं, सांभाळून घेणं, पदराखाली घेणं. यातल्या एकेकाला इंग्रजी शब्द शोधा आणि मला कळवा. आपण दया अंगाने करतो. चूक पोटात घालतो, चुकणाऱ्याला पाठीशी घालतो, आणि या दोन्हींत केवढा फरक आहे! पोटात घालणारा क्षमा करतो आणि विषय संपवतो. पाठीशी घालणारा लपवतो, आणि त्याचं नाव चौकशीत येतं. 'पोटात घालणं' मला आजवर इंग्रजीत नेता आलेलं नाही. 'फरगिव्ह' फार मोठा होतो, 'ओव्हरलुक' डोळ्याचा आहे, 'स्वॉलो' केला की अपमान गिळल्यासारखं होतं. तीन अनुवादांत तीन वेगळे शब्द वापरले, एकही पटला नाही.

आणि 'गय'. हा शब्द तुम्ही होकारात शेवटचा कधी ऐकलात? 'कोणाचीही गय केली जाणार नाही', असाच तो भेटतो. इंग्रजीत 'रूथ' म्हणजे कणव, तो मेला आणि 'रूथलेस' तेवढा मागे राहिला. आपली गय अजून धडधाकट आहे, पण बाहेर पडते ती फक्त नकाराचा हात धरून.

प्रश्न : दोन महिन्यांपूर्वी तुम्ही लिहिलंत की 'स्कॉट-फ्री' हा शब्द स्कॉटलंडच्या लोकांवरून आला. साफ चूक. एरवी पत्र छापायला सांगितलं असतं, पण तुमच्या वयाकडे पाहून सोडून देतो.
– जुना वाचक

उत्तर : चूक माझीच. 'स्कॉट' म्हणजे जुन्या नॉर्स भाषेतून आलेला कराचा, वर्गणीचा शब्द. सगळ्यांनी आपापला वाटा भरायचा आणि जो न भरता निसटला तो स्कॉट-फ्री. तिथून शिक्षेवाचून सुटलेला. स्कॉटलंडचा त्याच्याशी संबंध नाही. पत्र मुद्दाम छापते आहे.

मात्र वयाकडे पाहून सोडलंत, हे इंडल्जंट झालं. मला लीनियंट चाललं असतं. त्यात निदान मी शिक्षेला पात्र आहे, एवढं तरी तुम्ही धरलं असतंत.